रिकाम्या बाटल्यांची अनामत आणि किराण्याचे बिल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन परत करायचे व मिळालेली अनामत रक्कम किराण्याच्या बिलातून वळती करून घ्यायची, हा क्रम मी गेले कित्येक महिने पाळत आहे. याला बचत म्हणण्यापेक्षा वसुली म्हणणे अधिक योग्य ठरेल. अनामत खरेदीच्या वेळीच आपल्याकडून घेतलेली असते. बाटली परत केली तर आपलेच पैसे हातात येतात आणि नाही केली तर तेच पेय तेवढ्याने महाग पडते. बिल कमी झाल्याचा आनंद पहिल्या काही खेपांनंतर ओसरतो तो यामुळेच.

ही वसुली किती मोलाची, हे अर्थातच दरावर अवलंबून आहे. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर अनामत घेतली जाते आणि आज तिचा दर नगामागे 25 सेंट आहे. साध्या पिण्याच्या पाण्यासारख्या स्वस्त मालाच्या बाबतीत ही रक्कम मुळीच दुर्लक्षिण्याजोगी नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 1971 मध्ये असा कायदा केला, मात्र तेथे ठरलेले 5 सेंट थेट 2017 मध्ये 10 झाले. मधल्या साऱ्या महागाईत त्या 5 सेंटांसाठी पिशवी उचलण्याचा उत्साह किती जणांना राहिला असेल, याची कल्पना करता येते. परत न आलेल्या अनामतीचे पैसे कुठे जातात, हेही एकदा पाहावे. मिशिगनमध्ये त्यातला तीन चतुर्थांश भाग राज्याकडे आणि उरलेला विक्रेत्यांकडे जातो; जर्मनीत ते पेय व्यवसायातच राहतात. हे कळल्यापासून एखादी बाटली कचऱ्यात टाकायला माझा हात धजावत नाही.

प्रत्यक्ष वापराबद्दल सांगायचे तर सगळी मदार दुकानातल्या, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रावर असते. बाटली तळाच्या बाजूने गोल तोंडातून आत सरकवायची. आतले पट्टे ती जागच्या जागी फिरवतात, बारकोड सापडला की ती मागे ओढली जाते आणि क्षणभराने चुरडल्याचा आवाज येतो. बारकोड वाचला गेला नाही, तर तीच बाटली निमूटपणे उलट बाहेर येते. त्यामुळे जागा वाचवण्यासाठी घरी कॅन चेपून ठेवण्याची सवय येथे चालत नाही, आणि भिजून लेबल सुटलेल्या बाटलीचीही तीच गत होते. तळाशी घोटभर पेय उरलेली बाटली वजनामुळे नाकारली जाऊ शकते. शिवाय ते पेय वाटेत पिशवीत गळते आणि मग सगळ्याच बाटल्या हाताला चिकटतात. म्हणून प्रत्येक बाटली विसळून, पालथी घालून, निथळल्यावरच पिशवीत टाकावी. वारंवार भरून वापरल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्या चुरडल्या जात नाहीत, त्या क्रेटसह दिल्या तरी चालतात. परंतु त्यांचे ओझे फार होते.

माझी खरी तक्रार यंत्र भरण्याबद्दल आहे. मी जाते त्या दुकानात सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ते हमखास भरलेले असते आणि मागची पेटी रिकामी करणारा कर्मचारी येईपर्यंत रांग ताटकळत राहते. कामाच्या दिवशी सकाळी गेल्यास हा त्रास जवळजवळ होत नाही. यंत्रातून निघणारी अनामतीच्या रकमेची पावती सहसा त्याच दुकानात चालते, आणि तिच्यावरची छपाई उन्हाने किंवा उष्णतेने पुसट होते. म्हणून ती जपून ठेवण्याच्या भानगडीत न पडता त्याच फेरीत, बिल होण्याआधी गल्ल्यावर द्यावी. पावती हातात आहे म्हणून टोपलीत चार वस्तू जास्त टाकण्याचा मोह होतो, दुकानदाराला तो हवाच असतो.

खरी बचत मला अनपेक्षित जागी सापडली. बिलावर अनामत वेगळ्या ओळीत छापली जाते, आणि ती ओळ वाढत गेली की घरात बाटलीबंद पेये किती येतात हे लपत नाही. अनामत नगावर असल्याने लहान बाटल्यांच्या गठ्ठ्यात पैसेही जास्त अडकतात. आयर्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या योजनेत 500 मिलीलिटरपर्यंतच्या नगावर 15 सेंट आणि त्याहून मोठ्यावर 25 सेंट आकारले जातात. म्हणजे सहा लहान बाटल्यांसाठी 90 सेंट अडकतात, तर एका मोठ्या बाटलीसाठी अवघे 25. असा हिशेब मांडू लागल्यावर आमच्याकडे लहान कॅन येणे जवळपास थांबले, आणि किराण्याचे बिल उतरले ते परत मिळालेल्या अनामतीपेक्षा या न झालेल्या खरेदीमुळे अधिक.

दुकान वाटेवर असेल तर हा क्रम निःसंकोच सुरू करावा. केवळ बाटल्यांसाठी गाडी काढावी लागत असेल, तर मात्र पिशव्या पुरेशा भरेपर्यंत थांबावे, कारण इंधनाचा खर्च अनामतीच्या पावतीवर कुठेच छापलेला नसतो.