व्हीआर बॉक्स घेताना फसवतात ते असं

सोलापुरात नवी पेठेतलं दुकान असो, होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेतला स्टॉल असो, स्वस्त व्हीआर (आभासी वास्तव) बॉक्स खपवायची रीत ठरलेली. विक्रेता स्वतःचा मोबाईल आत घालून बॉक्स गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना लावतो. रोलर कोस्टरचा व्हिडिओ सुरू होतो, पोटात गोळा येतो. ‘दादा, कुठला बी मोबाईल टाका, चालतंय,’ असं ऐकून सात-आठशे रुपये खिशातून निघतात. घरी आपला मोबाईल घातल्यावर मान कितीही वळवा, चित्र ढिम्म हलत नाही.

ट्रे ओढून बघा. दोन भिंगं, स्प्रिंगची पकड, कडेला स्पंज, डोक्याचा पट्टा. ना पडदा, ना वायर. म्हणून खोक्यावर छापलेलं ‘४के’ ही शुद्ध थाप. दिसणार ती तुमच्याच मोबाईलची स्क्रीन, तीही दोन डोळ्यांत वाटून. १९२० बाय १०८० ची असेल तर एका डोळ्याला ९६० बाय १०८० पिक्सेल, बस्स.

मान वळली हे नीट ओळखतो तो मोबाईलमधला जायरोस्कोप नावाचा सेन्सर, आणि स्वस्त मोबाईलमध्ये बऱ्याचदा नेमका तोच गाळलेला असतो. अ‍ॅक्सेलेरोमीटर हा दुसरा सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून कल ओळखतो, डावी-उजवीकडचं वळण त्याला कळत नाही. त्यामुळे स्क्रीन आडवी-उभी होते म्हणजे जायरोस्कोप आहे, असं समजू नका. स्टॉलवर हे उघडं पडत नाही, कारण रोलर कोस्टरच्या व्हिडिओत कॅमेराच फिरत असतो.

तेव्हा पैसे देण्याआधी आपलाच मोबाईल काढा. सेन्सर दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप उघडून मोबाईल टेबलावर सपाट ठेवा आणि गोल फिरवा. जायरोस्कोपचा झेड आकडा हलला पाहिजे आणि थांबल्यावर शून्याजवळ परत आला पाहिजे. सेन्सरच्या नावात ‘व्हर्च्युअल’ दिसलं तर खरा सेन्सर नाही असं धरा. मग यूट्यूबवर ३६० अंशांचा, कॅमेरा एका जागी ठेवून काढलेला व्हिडिओ लावून जागच्या जागी गिरकी घ्या. विक्रेता कुरकुरला तर पुढचं दुकान बघा.

बॉक्सवरच्या क्यूआर कोडकडेही लक्ष असू द्या. गूगलने २०१४ मध्ये आणलेल्या ‘कार्डबोर्ड’ या पुठ्ठ्याच्या व्हीआर बॉक्सच्या पद्धतीत या कोडमध्ये भिंगांची मापं असतात, त्यावरून अ‍ॅप वाकड्या कडा सरळ करतं. नकली बॉक्सवर कोड नसतो, नाहीतर तो भलत्याच साइटवर नेऊन एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅपची फाइल, उतरवायला लावतो. ते अ‍ॅप मग एसएमएस वाचायची परवानगी मागतं. सिनेमा बघायला ती कशाला हवी? कोड मोबाईलच्या कॅमेऱ्याने नको, कार्डबोर्डच्या अ‍ॅपमधूनच स्कॅन करा.

बसवताना कव्हर काढून स्क्रीनची मधली रेघ ट्रेच्या खाचेशी जुळवा, नाहीतर एकाचं दोन दिसतं. पकडीखाली बटण दाबलं जात असेल तर मोबाईल उलट्या बाजूने घाला. भिंगांमधलं अंतर बदलणारं चाक हवंच. मोठ्या माणसांच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास, पण प्रत्येकाचं वेगळं. शिवाय आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन! मोबाईल तापला की चित्र अडखळतं. मोबाईल आत असताना बॉक्स भिंगं वर करून गच्चीवर विसरलात तर ऊन एकवटून स्क्रीनवर कायमचा डाग पडू शकतो, आणि त्याची वॉरंटी कोणी देत नाही.

ऑनलाइन जाहिरातीत फोटो महागड्या हेडसेटचा, पार्सलमध्ये हाच प्लास्टिकचा डबा. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. मोठा डल्ला पडतो तो नंतर, परताव्यासाठी इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन केल्यावर. तो स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला सांगतो किंवा क्यूआर पाठवून पिन मागतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. वस्तूच खोटी निघाली असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. बिल मात्र जपून ठेवा, स्टॉलवाल्याकडूनही मागून घ्या.