जयपूर फूट: अण्णा परत पंगतीत बसले

मोबाईलचे नि मिक्सरचे रिव्ह्यू आपण रोज वाचतो, मला आज एका पायाचा रिव्ह्यू लिहायचाय. आमच्या अण्णांच्या पायाचा. वापरून दोन वर्षं झालीत त्यामुळे आता खात्रीनं लिहू शकतो.

अण्णा म्हणजे माझे वडील, बार्शी तालुक्यात शेती. तीन वर्षांपूर्वी हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली उजवा पाय सापडला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. जखम भरल्यावर शहरातल्या एका दुकानातून कृत्रिम पाय घेतला, चाळीसेक हजार गेले, दुकानाचं नाव घेत नाही. दिसायला एकदम झकास, पँट आणि बूट घातला की कुणाला कळायचंसुद्धा नाही. पण तो पाय बुटाशिवाय चालायचाच नाही, आणि आमच्यात घरात बूट घालून कोण वावरतं, देवापुढं जायचं कसं, मळ्यात चिखल तुडवायचा कसा? घोट्यात जराही लवचीकपणा नाही म्हणून उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. चुलत बहिणीच्या लग्नात सगळे पंगतीला बसले आणि अण्णांना भिंतीकडेला खुर्ची टाकून ताट मांडीवर दिलं. दोन घास खाल्ले, पोट भरलं म्हणाले आणि उठले. आई रात्री मला म्हणाली, "अरे ते पाय गेला तेव्हा रडले नाहीत, आज रडले."

मग आम्ही जयपूरला गेलो. मालवीय नगरमध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं सेंटर आहे. अपॉइंटमेंट लागत नाही, गाडी ज्या वेळेला पोचेल त्या वेळेला जा, नाव लिहून घेतात. पाय फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट, पेशंटबरोबर आलेल्या माणसाचंसुद्धा. ही सोय दयेपोटी केलीय असं मला आधी वाटलं होतं, पण तिथं दोन दिवस काढल्यावर कळलं की त्यामागं पक्का विचार आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणणं म्हणजे "येऊ नका" म्हणणंच आहे, कारण गाडीभाडं, बुडालेली मजुरी, परगावात राहायचं कुठं, ह्यातच तो खचतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून इथं माणूस पाय घालूनच घरी जातो. गुडघ्याखालचा पाय असेल तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत काम होतं. आमचं दुसऱ्या दिवशी दुपारी झालं.

हा पाय, म्हणजे जयपूर फूट, बनला १९६८ च्या सुमारास, जयपूरच्याच सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये. डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन आणि रामचंद्र शर्मा कारागीर, शाळा फारशी न शिकलेले पण हातात जादू. तेव्हाचे कृत्रिम पाय खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसाच्या हिशोबानं केलेले असायचे, आणि खेड्यातले पेशंट ते घरी नेऊन टाकून द्यायचे (वाचलं तेव्हा आमच्या माळ्यावर पडलेला पायच आठवला). ह्या दोघांनी रबर वापरून असा पाय केला जो अनवाणी चालतो, भिजला तरी चालतो आणि घोट्यात वळतो. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे मिळालं. पण पाय चांगला असून पहिल्या काही वर्षांत तो फार थोड्या लोकांपर्यंत पोचला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता ह्या आयएएस अधिकाऱ्यानं समिती काढली आणि मग आकडा लाखांत गेला. मेहतांचा स्वतःचा १९६९ मध्ये मोठा अपघात झाला होता, पाय कापायची वेळ आली होती, पण पाय वाचला. पुढं ते सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे चेअरमनही होते, म्हणजे व्यवस्था कशी बसवायची हे कळणारा माणूस. मला ह्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर, कारागीर आणि व्यवस्था लावणारा, तिघांतला एक जरी कमी असता तरी आमचे अण्णा खुर्चीवरच राहिले असते.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. आधी स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या टोकाला, प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून माप घेतात, मग त्यावरून साचा. नंतर आपल्याकडं पाइपलाइनला वापरतात तसला एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप भट्टीत मऊ करून साच्यावर चढवतात, गरम असतानाच हातानं दाबून बसवतात, आणि खाली रबराचं पाऊल जोडतात. पावलाच्या आत स्पंजासारखं रबर आणि लाकडाचा ठोकळा असतो, वरून कातडीच्या रंगाचं रबर, बोटंसुद्धा काढलेली. मग दोन दांड्यांच्या मधे चालवून बघतात. अण्णा म्हणाले गुडघ्याखाली आतल्या बाजूला टोचतंय, तर कारागिरानं बोट फिरवून नेमकी जागा शोधली, पेन्सिलीनं खूण केली, तेवढाच भाग गरम करून बाहेर रेटला. परत चाला. परत खूण. असं चार वेळा झालं आणि एकदाही त्याच्या कपाळावर आठी नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबूजी, अब नीचे बैठिए." अण्णा आधी उकिडवे बसले, मग हळूहळू मांडी घातली, आणि तसेच बसून राहिले. उठायलाच तयार नव्हते.

आता दोन वर्षांनंतर. अण्णा कांद्याच्या वाफ्यात दारं धरतात, अनवाणी, चिखलात. घरी आले की पाय मोरीत धुतात आणि पुसून ठेवतात. गेल्या वैशाखात गावातल्या लग्नात पंगतीत बसून तीनदा आमटी मागितली.

कमी काय ते पण सांगायला पाहिजे. हा पळण्यासाठीचा पाय नाही, स्पर्धेत धावणारे वापरतात ते कार्बन फायबरचे पाय वेगळे आणि फार महाग. वजन जाणवतं, पहिले काही आठवडे मांडी दुखते. रबराचा तळवा शेतात रोज घासला की झिजणार, तेव्हा काही वर्षांनी बदलायचा हिशोब धरून चला. स्टंप पहिल्या वर्षात बारीक होतो, मग सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो भाग, ढिलं पडतं, हे कुठल्याही कृत्रिम पायाचं आहे, दुर्लक्ष करू नका, फोड येतात. स्टंपवरचा मोजा रोज धुतलेला आणि पूर्ण वाळलेलाच घालायचा. शुगर असेल तर रोज रात्री उजेडात स्टंप नीट बघा, कारण दुखत नाही म्हणजे जखम नाही असं नसतं. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर गुडघाही लागतो, त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाबरोबर मिळून केलेला स्वस्त गुडघा आहे, पण चालायला शिकायला वेळ जास्त लागतो.

जयपूरपर्यंत जाणं जमत नसेल तर आपल्याकडं रोटरी, लायन्सवाले जयपूर फूटची शिबिरं घेतात, चौकशी करत राहा. जाताना हॉस्पिटलची फाईल आणि ओळखपत्र न्या, जखम पूर्ण भरल्याशिवाय जाऊ नका, आणि पेशंटची रोजच्या वापरातली वहाण आठवणीनं बरोबर घ्या, ट्रायलला लागते. आम्ही घाईत अण्णांची वहाण घरीच विसरलो होतो, त्यामुळं सेंटरच्या दारातून रिक्षापर्यंत ते अनवाणीच चालत आले, दोन्ही पायांनी.