निळा रेणू निवडताना: अँथ्रासीन, बोरॉन की इरिडियम?

ओएलईडीसाठी, म्हणजे वीज दिली की स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पडद्यांसाठी, निळा रेणू करायला घेणारे, मग ती नवी मुंबईत महापे-रबाळ्यातली छोटी संश्लेषण प्रयोगशाळा असो की ठाण्यातला एमएस्सीचा प्रकल्पगट, आधी कार्यक्षमतेचे आकडे बघतात. आमच्या मते आधी दोनच गोष्टी विचाराव्यात: उत्तेजित ऊर्जा रेणूत किती वेळ अडकून राहते, आणि आपल्या जागेत तो रेणू शुद्ध करता येईल का?

४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश म्हणजे साधारण २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. विजेने उत्तेजित झालेल्या अवस्थांपैकी २५ टक्के सिंग्लेट (इलेक्ट्रॉनांचे स्पिन विरुद्ध), ७५ टक्के ट्रिप्लेट (स्पिन समांतर). सिंग्लेट काही नॅनोसेकंदांत प्रकाश देऊन मोकळा होतो. ट्रिप्लेट मात्र रेंगाळतो, आणि तेवढ्यात शेजारून विद्युतभार आला की त्याची ऊर्जा त्या भारावर चढते. मग कार्बन-नायट्रोजनसारखा बंध तुटायला वेळ लागत नाही. लाल-हिरव्यात ही ऊर्जा कमी असल्याने ते रंग कधीच फॉस्फोरेसन्सवर, म्हणजे ट्रिप्लेटमधूनच प्रकाश देणाऱ्या रेणूंवर गेले; निळा मागे राहिला.

अँथ्रासीनचा, म्हणजे तीन बेंझीन कडी ओळीने जोडलेल्या रेणूचा, फायदा इथेच आहे. त्याचा ट्रिप्लेट जेमतेम १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे बंध तोडण्याइतका दम त्यात नाही. वर असे दोन ट्रिप्लेट भेटले की एक सिंग्लेट मिळू शकतो, त्यामुळे २५ टक्क्यांची मर्यादा सिद्धांतात ६२.५ पर्यंत जाते. त्याला दोन नॅफ्थिल गट जोडलेला रेणू करायलाही सोपा. ९,१०-डायब्रोमोअँथ्रासीन ३.३६ ग्रॅम, २-नॅफ्थिलबोरॉनिक आम्ल ४.१३ ग्रॅम, उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम टेट्राकिस(ट्रायफेनिलफॉस्फीन) ०.४६ ग्रॅम, टोल्युइन-इथेनॉल आणि २ मोलर पोटॅशियम कार्बोनेट. नायट्रोजनखाली ९० अंशांवर रात्रभर. उत्प्रेरक घालण्याआधी द्रावणातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. ऑक्सिजन राहिला तर पॅलेडियम काळं पडून खाली बसतं आणि एकाच बाजूने जुळलेला ब्रोमाइड शिल्लक राहतो. हा ब्रोमाइड डोकेदुखी: शुद्धीकरणाच्या सिलिका कॉलमवर मुख्य पदार्थाला चिकटूनच उतरतो. टोल्युइनमधून पुन्हा स्फटिक करा, मग निर्वात संप्लवन (घनाची थेट वाफ करून पुन्हा घन करणं) करा, कारण ब्रोमीनचा लवलेशही उपकरणाचं आयुष्य खातो. द्रावण उजेडात उघडं ठेवू नका. अँथ्रासीन हवेतला ऑक्सिजन घेऊन एंडोपेरॉक्साइड बनवतो.

बोरॉन-नायट्रोजनचे सपाट, ताठ रेणू रंगात अँथ्रासीनला मागे टाकतात. हाताकेयामा यांच्या गटाचा डाबना (DABNA) हा असा रेणू २०१६ चा. २०१९ च्या न्यू-डाबनाचं उत्सर्जन ४६९ नॅनोमीटरला आणि रंगाच्या पट्ट्याची रुंदी (जितकी कमी तितका रंग शुद्ध) फक्त १८ नॅनोमीटर. अँथ्रासीनचा पट्टा साधारण ५० चा. पण यांत ट्रिप्लेट परत सिंग्लेटमध्ये येऊन उशिरा प्रकाश देतो, आणि त्याला मायक्रोसेकंद लागतात, आणि थरात रेणूचं प्रमाण १-२ टक्क्यांवर गेलं की सपाट रेणू एकमेकांवर रचले जाऊन पट्टा फुगतो.

खरी परीक्षा फ्लास्कमध्ये. डाबनासारख्या रेणूसाठी उणे ३० अंशांवर टर्शरी-ब्यूटिल लिथियम, ६० अंशांवर ढवळणं, पुन्हा उणे ३० ला बोरॉन ट्रायब्रोमाइड, शेवटी डायआयसोप्रोपिलइथिलअमाइन घालून १२० अंश. फ्लास्क थंड होताना आतला वायू आकुंचन पावतो आणि बबलर (वायू बाहेर सोडणारी तेलाची नळी) उलटा ओढतो. नायट्रोजनचा प्रवाह त्या क्षणी कमी असेल तर बाहेरची हवा आत. जुलैत खाडीकाठच्या त्या हवेत पाणी किती असतं ते सांगायला नको. ब्यूटिल लिथियम तिथेच मरतं, बोरॉन ट्रायब्रोमाइड पांढरा धूर सोडतं, आणि टीएलसीवर, म्हणजे तपासणीच्या सिलिका पट्टीवर, उरतो तो हॅलोजन गळालेला कच्चा माल. थंड करण्याआधी प्रवाह वाढवा. काचसामान १२० अंशांच्या ओव्हनमधून गरमच काढून जोडा. ब्यूटिल लिथियम हाताळणारा अनुभवी माणूस नसेल तर या वाटेला जाऊच नये. ते हवेत पेट घेतं.

इरिडियमबद्दल थोडक्यात. एफआयआरपिक (FIrpic) हा इरिडियमचा रेणू आकाशी निळा देतो, गडद नाही, आणि चालता चालता त्याचं लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला सेंद्रिय भाग, तुटतं. कार्बीन लिगंडांनी रंग गडद होतो, पण मग फेशियल-मेरिडिओनल समावयव (धातूभोवती लिगंडांची मांडणी वेगळी असलेली रूपं) वेगळे करा, शिवाय २.८ इलेक्ट्रॉनव्होल्टहून वरच्या ट्रिप्लेटचा होस्ट, म्हणजे ज्यात हा रेणू मिसळतात तो पदार्थ, शोधा. धातू महाग, वाया गेलेली प्रत्येक बॅच खिशाला झोंबते. एलजी डिस्प्लेने मे २०२५ मध्ये निळ्या फॉस्फोरेसंट पॅनेलची घोषणा केली, त्यातही दोन थरांपैकी एक फ्लुओरेसंटच (सिंग्लेटमधून प्रकाश देणारा) ठेवला.

दाता-ग्राही प्रकारचे टीएडीएफ रेणू (इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा भाग जोडलेले, उष्णतेच्या मदतीने ट्रिप्लेटचा सिंग्लेट करणारे), अदाची यांच्या २०१२ च्या कामापासूनचे, निळ्यात ७०-१०० नॅनोमीटर पसरतात. एकट्याने प्रकाश द्यायला नकोत. बोरॉन रेणूला ऊर्जा पुरवायला चांगले.

फक्त फ्यूम हूड आणि संप्लवन नळी असेल तर अँथ्रासीन घ्या. ग्लोव्हबॉक्स (हवाबंद हातमोज्यांची पेटी) आणि एकात्म गोल (सगळ्या दिशांचा प्रकाश मोजणारं उपकरण) असेल तर बोरॉन, तोही दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू करा. पहिली चाचणी स्वस्तातली: टोल्युइनमधल्या द्रावणाची चमक आधी हवेत मोजा, मग अर्धा तास नायट्रोजन सोडून. विलंबित उत्सर्जन असेल तर दुसरा आकडा ठळक वाढतो. मात्र अँथ्रासीनची चमकही ऑक्सिजन काही अंशी दाबतो, म्हणून नुसत्या वाढीवर निष्कर्ष काढू नका. मायक्रोसेकंदांत चमक कशी विझते त्याचा क्षय-वक्र घ्याच.