गोव्याच्या हवेत ॲनिमोनी: कंदांच्या एका पाकिटाचे परीक्षण

भूमध्य सागराच्या काठावरील देशांत रानोमाळ फुलणाऱ्या ॲनिमोनी कोरोनारियाचे वाळवलेले कंद आता ऑनलाइन रोपवाटिकांकडून गोव्यातही घरपोच मिळतात. डिचोलीच्या आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात मी ‘डी केन’ या एकेरी पाकळ्यांच्या प्रकाराचे मिश्र रंगांचे पाकीट मागवून लावले. कंद चांगले निघाले. सोबतच्या माहितीपत्रकाने मात्र पूर्ण निराशा केली.

कंद लहान, काळपट आणि सुंठीच्या तुकड्यांसारखे वेडेवाकडे असतात. आमच्या पाकिटातले सगळे टणक होते, कशावरही बुरशी नव्हती. निमुळते टोक खाली ठेवून ते लावायचे असतात. बाजू ओळखता आली नाही तर कंद आडवा ठेवला तरी कोंब आपली वाट काढून वर येतो. लावण्यापूर्वी साध्या पाण्यात तीन-चार तास भिजवले की ते टच्च फुगतात. त्याहून फार जास्त वेळ पाण्यात ठेवल्यास कुजण्याचा धोका वाढतो.

पत्रकात ‘ऑक्टोबरमध्ये थेट जमिनीत लावा’ एवढीच सूचना होती. थंड प्रदेशासाठी ती योग्य असेल, पण गोव्यात ऑक्टोबर म्हणजे परतीचा पाऊस, त्यापाठोपाठ तापणारे ऊन आणि अजून ओल धरून असलेली जांभ्याची माती. या कंदांना रुजण्यासाठी मातीचे तापमान साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअस असावे लागते, आणि आपल्या किनारपट्टीवर जानेवारीतल्या पहाटेही पारा 20 अंशांच्या आसपासच राहतो. म्हणूनच भिजवलेले कंद जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, घालून, भोके पाडलेल्या पिशवीतून, पांढरी मुळे दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे लागतात. ही एक गोष्ट पत्रकात छापली असती, तर गोव्यातल्या ग्राहकाचे पैसे वाया जाण्याची भीती बरीच कमी झाली असती.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी मुळे फुटलेले कंद मातीच्या पसरट कुंड्यांत लावले: पाच सेंटिमीटर खोल आणि एकमेकांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर. नुसती लाल माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळणारे राजांगण त्यांना मानवले. निम्म्याहून थोडे अधिक कंद उगवले आणि फेब्रुवारीच्या मध्यास फुले आली: लाल, जांभळी, पांढरी. लाल फुलाच्या मध्यभागी काळा गड्डा आणि त्याभोवती पांढरे कडे असते. त्या फुलाइतका गडद, मखमली लाल रंग आमच्या बागेत दुसऱ्या कशालाही नाही. संध्याकाळी पाकळ्या मिटतात आणि सकाळच्या उन्हात पुन्हा उघडतात, ते पाहण्यासाठी घरातले सगळे राजांगणात जमत असत. देठ मात्र उष्ण हवेमुळे आखूड राहिले. या झाडाचा रस त्वचेला दाह करतो आणि पोटात गेल्यास अपायकारक ठरतो, त्यामुळे लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरी कुंड्या उंचावर ठेवाव्यात.

मार्चमध्ये पाने पिवळी पडून झाड झोपी जाते. जमिनीत राहिलेले कंद आपल्या पावसात कुजणारच. काढून कोरड्या जागी ठेवले तरी त्यांच्या दुसऱ्या बहराचा भरवसा नाही, म्हणून हे एका मोसमाचे फूल समजूनच पैसे खर्चावेत. वर्षानुवर्षे टिकणारा कंद हवा असेल त्याने निशिगंध किंवा रेन लिली लावावी, दोन्ही स्वस्त आहेत आणि उन्हापावसाला पुरून उरतात. मी मात्र पुढच्या हिवाळ्यासाठी पुन्हा ॲनिमोनीच मागवणार आहे. मिश्र पाकिटाऐवजी ‘हॉलंडिया’ हा लाल वाण सुटा मिळाला तर तोच, आणि पार्सल नोव्हेंबरच्या आत हाती येईल अशा बेताने.