पहिली टर्की: अख्खी, सपाट की नुसता ब्रेस्ट?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांची चौकशी सुरू होते: यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडे आहे, टर्की कुठली आणू? मसाला कुठला लावायचा ते मागाहून ठरवा. आधी जेवायला किती माणसं आहेत, त्यातली टर्की खाणारी किती, आणि फ्रिजचा एक अख्खा कप्पा चार दिवस रिकामा ठेवता येईल का, एवढं बघा. आपल्याकडच्या पंगतीत निम्मी मंडळी शाकाहारी असतात, त्यामुळे पंधरा पाहुणे म्हणजे पंधरा पाउंडांची टर्की हा हिशेब चुकतो. खाणाऱ्या माणशी हाडांसकट एक पाउंड धरला की पुरतं.

टर्कीची खरी अडचण तिच्या अंगातच आहे. छातीचं मांस 165 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 74 सेल्सियसला, खाण्याजोगं होतं आणि त्यापुढे भराभर कोरडं पडतं. तंगड्या त्या तापमानाला खाण्यास सुरक्षित असल्या तरी चिवट लागतात. त्या 175च्या पुढे गेल्या की मऊ होतात. तिन्ही पर्यायांची तुलना या एका गोष्टीवर करायची.

अख्खी टर्की भाजताना छाती वर, थेट आचेसमोर असते आणि तंगड्या खाली अंगाशी चिकटलेल्या. जिला कमी शिजायला हवं तीच जास्त शिजते. 12 ते 14 पाउंडांची, पोटात काही न भरलेली टर्की 325 अंश फॅरनहाइटला (पुढचे अंशही फॅरनहाइटच) तीन ते पावणेचार तास घेते, आणि तेवढा वेळ ओव्हनमध्ये दुसरं काही ठेवायला जागा उरत नाही. छाती लालसर झाली की तिच्यावर फॉइल टाकून तिला सांभाळावं लागतं. तरीही हा पर्याय मी मोडीत काढणार नाही. आई-वडील पहिल्यांदाच भारतातून आले असतील, मुलं शाळेत टर्कीची चित्रं रंगवून आली असतील, तर ती अख्खी टर्की टेबलावर आलेली सगळ्यांना बघायची असते, आणि त्या हौसेला मोल आहे. फक्त 14 पाउंडांच्या वर जाऊ नका. माणसं जास्त असतील तर एक अख्खी आणि जोडीला एक ब्रेस्ट घ्या.

सपाट केलेली टर्की, जिला इथे स्पॅचकॉक म्हणतात, ही माझ्या मते सहा ते दहा खाणाऱ्यांसाठी पहिल्या खेपेची सगळ्यांत भरवशाची. टर्की पालथी घालायची, जाड कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपासून मानेपर्यंत कापत जायचं आणि कणा काढून घ्यायचा. मग उलटी करून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोर द्यायचा. आतलं हाड कट्‌कन मोडल्याचा आवाज येतो आणि टर्की पसरते. आता तंगड्या बाजूला उघड्या पडतात, त्यांना आच पोचते आणि छाती त्यांच्याबरोबरच शिजते. 450 अंशांना 12 पाउंडांची टर्की साधारण दीड तासात होते, कातडीही सगळीकडून कुरकुरीत. काढलेला कणा आणि मान उकळून ग्रेव्हीसाठी स्टॉक करता येतो. उणी बाजू दोनच. मोठा ट्रे लागतो, तो तुमच्या ओव्हनमध्ये मावतो का हे आधीच बघा. आणि चरबी ट्रेवर जळून धूर होतो. त्यासाठी खाली कांदा, गाजर, सेलरीचे तुकडे पसरून थोडं पाणी घाला, नाहीतर अपार्टमेंटचा स्मोक अलार्म हमखास वाजतो.

चार-पाच जणच असाल तर हाडासकट ब्रेस्ट आणा. 325 अंशांना दीड ते सव्वादोन तास, कापायला सोपा, उरणं कमी. मात्र आपल्या लोकांचा जीव लेग पीसमध्ये. टर्कीच्या तंगड्या वेगळ्या मिळतात. त्या आणून वाटण घालून कुकरमध्ये झणझणीत रस्सा केला तर छातीला हवी तेवढीच आच आणि तंगड्यांना हवी तेवढी, हे दोन्ही साधतं. टर्की तेलात तळण्याचा नाद पहिल्या वर्षी नको, अपार्टमेंटात तर कधीच नको.

गोठलेली घ्यावी की ताजी? गोठलेली स्वस्त पडते आणि महिनाभर आधी आणून ठेवता येते. पण ती फ्रिजमध्ये सुटायला दर 4-5 पाउंडांना एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे 12 पाउंडांची टर्की शनिवारी फ्रीझरमधून खाली आली पाहिजे, कारण बुधवारी मीठ लावायचं आहे. सपाट करणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, गोठलेल्या कण्यात कात्री चालत नाही. उशीर झालाच तर पिशवीसकट गार पाण्यात बुडवा, पाउंडाला अर्धा तास धरा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर उघडी ठेवून देऊ नका. ताजी महाग असते, आधी सांगून ठेवावी लागते, पण फ्रिजमध्ये जागा नसलेल्याला तीच बरी.

आपल्या हाताला चिकन नळाखाली धुऊन हळद-मीठ लावायची सवय असते. त्यातलं धुणं सोडा. शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या सिंकभर जातात. पेपर टॉवेलने टर्की कोरडी टिपा आणि पोटात मान, काळीज वगैरे भरून ठेवलेली पिशवी असते, ती काढायला विसरू नका. मीठ लावून ठेवणं मात्र उत्तमच. मिठाच्या पाण्यात बुडवायला बादली आणि ती मावेल एवढा फ्रिज लागतो, शिवाय कातडी ओलसर राहते. त्यापेक्षा दर 5 पाउंडांना एक टेबलस्पून कोशर मीठ (जाडसर दाण्याचं), साधं बारीक असेल तर निम्मं, चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवा. पाकिटावर मिठाचं द्रावण भरल्याचं लिहिलं असेल तर हे मीठ वगळा. आलं-लसूण, मालवणी मसाला लोण्यात कालवून कातडीखाली सरकवा. वरून लावलात तर 450 अंशांना करपून कडवट होईल.

काही झालं तरी प्रोब थर्मामीटर घ्याच. मांडीच्या आतल्या जाड भागात आणि छातीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता टोचून बघा. टर्की शिजली की वर उडी मारणारं प्लॅस्टिकचं बटण तिच्यात रोवून येतं, त्यावर विसंबू नका. बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबूनच सुरी लावा. तेवढ्यात रिकाम्या ओव्हनमध्ये बाकीची कॅसरोल आणि शाकाहारी मंडळींचं गरम करून घ्या.