बाहेरच्या कपांची बीबी आणि टू-पीस क्रँक, काही महिने वापरून झाल्यावर

सायकलची बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, ज्या बेअरिंगवर पेडलचे क्रँक फिरतात तो भाग. चौकोनी स्पिंडलची (मधल्या दांड्याची) जुनी कार्ट्रिज बीबी, म्हणजे फ्रेमच्या आत बसणारी बंद बीबी, काढून शिमानोच्या होलोटेक 2 पद्धतीची बीबी आणि क्रँकसेट (स्पिंडल उजव्या क्रँकलाच जोडलेला, डावा क्रँक वेगळा, म्हणून टू-पीस) बसवला त्याला आता बरेच महिने झाले, ऊन पाऊस चिखल सगळं होऊन गेलंय म्हणून आत्ता लिहितोय, नवीन असताना काय सगळंच छान वाटतं.

आधी बसवण्याबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. माझ्या फ्रेमला साधे इंग्लिश आटे आहेत, म्हणजे चेनच्या बाजूचा कप (बेअरिंग असलेली, फ्रेममध्ये फिरवून बसवायची वाटी) उलट्या आट्यांचा. दिशेचा गोंधळ होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा, पाना कपावर उभा, दांडा वर ठेवून लावला आणि मागच्या चाकाकडे ओढला की कप कसला जातो आणि हँडलकडे ओढला की सुटतो, दोन्ही बाजूंना हेच. आट्यांना ग्रीस लावायचंच आणि सुरुवातीचे बरेच फेरे नुसत्या हाताने फिरले पाहिजेत, अडलं तर जोर न लावता बाहेर काढून परत सरळ लावा, फ्रेमचे आटे गेले तर फार मोठं काम होऊन बसतं. मग कप 35 ते 50 न्यूटन मीटरपर्यंत आवळायचे.

स्पेसर (कप आणि फ्रेमच्या मध्ये घालायच्या चकत्या) क्रँकप्रमाणे. 68 मिमी शेलला (फ्रेममधली बीबी बसते ती नळी) रोड बाइकचा क्रँक असेल तर लागत नाहीत, माउंटन बाइकचा असेल तर साधारण 2.5 मिमीचे तीन, दोन उजवीकडे एक डावीकडे.

डाव्या क्रँकची प्लास्टिकची टोपी लोक जीव खाऊन आवळतात, आणि तिथेच बेअरिंगची वाट लागते. तिचं काम फक्त बाजूची हालचाल घालवणं, दोन बोटांचा जोर पुरतो (0.7 ते 1.5 न्यूटन मीटर). क्रँकला खरं धरून ठेवतात ते दोन ॲलन बोल्ट, ते आळीपाळीने थोडे थोडे करत 12 ते 14 न्यूटन मीटरपर्यंत न्यायचे, आणि त्याआधी क्रँकच्या फटीतल्या छोट्या पट्टीची पिन स्पिंडलच्या भोकात नीट बसली का ते बघायचं. शेवटी चेन बाजूला काढून क्रँक फिरवा, सहज फिरला पाहिजे आणि आडवा हलवला तर खुळखुळता कामा नये.

आता वापर. उभं राहून चढ मारताना पायाखाली जास्त घट्ट वाटतं, 24 मिमीच्या पोकळ स्पिंडलचा फरक मला तरी जाणवला. मध्ये एकदा जोर लावला की कटकट आवाज यायला लागला, सगळे बीबीलाच दोष देतात पण निघालं पेडलमधून, आटे पुसून ग्रीस लावलं आणि गप्प झालं.

उणी बाजू पण आहे. बेअरिंग फ्रेमच्या बाहेर असल्याने पाणी माती थेट तिथेच, पावसानंतर उजवा कप किंचित खरखरतोय. प्रेशरचं पाणी तिकडे मारूच नका. चिखलातच रोज चालवणार असाल आणि जुनी कार्ट्रिज नीट फिरत असेल तर घाईने बदलू नका, तिला महिनोन्महिने बघावं लागत नाही. मी मात्र परत जाणार नाही, कप गेले की क्रँक ओढून काढायला पुलर लागत नाही, ॲलन की, टोपीचं टूल आणि कपाचा पाना एवढ्यात नवीन कप बसतात आणि क्रँक तोच राहतो.