फील्ड कर्व्हेचर म्हणे! ४६,५०० रुपये आणि माझं अगाध ज्ञान

आधी आकडे. टोकन ५,००० रुपये, यूपीआयने. प्रत्यक्ष भेटीत २०,००० यूपीआयने आणि २१,५०० रोख. एकूण ४६,५००. वर दुरुस्तीवाल्याला नुसतं बघायचे ६००. एवढं मोजून हातात काय आलं, तर निकॉन कॅमेऱ्याला बसणारी जुनी लेन्स, झाइस डिस्टागॉन २८ मिमी एफ/२ (एफ/२ म्हणजे तिचं अपर्चर, प्रकाश आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडं). तिच्या फोटोची उजवी बाजू एफ/२ ला डावीबरोबर फोकसमध्ये येतच नाही, आणि फोकस रिंग इन्फिनिटीला, म्हणजे अनंत अंतराच्या खुणेला, टेकवली तरी फोकस सात-आठ मीटरवरच अडकतो.

लेन्स नकली नव्हती. खोक्यात वीट नव्हती. बदली झालेला फौजी नव्हता, ‘क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ नव्हतं. ते प्रकार तुम्हालाही पाठ आहेत, मलाही. म्हणून तर समोरासमोर भेटलो, लेन्स हातात घेतली, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावली. कोथिंबिरीच्या जुडीलाही उलटीपालटी करून बघणारा माणूस मी. तरी फसलो, आणि फसलो ते माहिती होती म्हणून. हे लिहायला लाज वाटते, पण हीच लेन्स किंवा हाच माणूस उद्या तुमच्यासमोर येणार आहे.

किंमत संशयास्पद स्वस्त नव्हती, हे आधी नोंदवतो. ४९,००० सांगितले, ४६,५०० ला तुटलं. मी बघत होतो त्या काळात याच लेन्सच्या जाहिराती ४८ ते ५५ हजारांच्या होत्या. फुकटात घबाड शोधायला गेलो नव्हतो.

पर्याय तपासले नव्हते असंही नाही. विसर्जन मिरवणुकीची रात्र, मांडवांची रोषणाई आणि गडावरचं आकाश, एवढ्यासाठी मोठ्या अपर्चरची रुंद मॅन्युअल लेन्स हवी होती. सॅमयांग २४ मिमी एफ/१.४ खिशाला परवडते आणि ताऱ्यांसाठी लोक आवडीने घेतात, पण दोन नग सारखे निघतील याची खात्री नाही. फोकसची पट्टी खऱ्या अंतराशी जुळेलच असं नाही आणि पुढे लावायचे काचेचे फिल्टर ७७ मिमीचे. निकॉनची जुनी निकॉर २८ मिमी एफ/२ एआय-एस चिमुकली, ५२ मिमी फिल्टर, जवळचा फोकस २५ सेंटीमीटर. पण आता सगळी जुनीच मिळणार आणि आपल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेली म्हणजे बुरशीचा जुगार. झाइसची २५ मिमी एफ/२ कोपऱ्यांपर्यंत जास्त नीट, पण बजेटबाहेर. उरली २८ एफ/२. फिल्टर ५८ मिमी, जवळचा फोकस २४ सेंटीमीटर, मधला भाग एफ/२ लाही कडक. तिचा एकच जगजाहीर दोष म्हणजे फील्ड कर्व्हेचर. फोकसची पातळी सपाट नसते, वाटीसारखी वाकते. समोर सपाट भिंत असेल तर मध्य धारदार आणि कडा मऊ.

हा जगजाहीर दोषच त्या माणसाचं भांडवल होतं.

भेट कर्वे रस्त्याजवळच्या एका अमृततुल्यवर, संध्याकाळी पावणेसातला. वेळ त्याने ठरवली. उजेड गेलेला, समोर दुकानांचे दिवे. लेन्स पिशवीतून निघाली तीच पुढे यूव्ही फिल्टर लावलेला. “फिल्टर तुम्हालाच राहू द्या सर, १,८०० चा आहे.” मी आभार मानले. आभार! तो फिल्टर काढून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि आलं असतं तरी निघाला नसता. लेन्स पुढच्या बाजूवर आपटली की फिल्टरची आट्यांची कड एका जागी चपटी होते. त्यावर फिल्टर जोर लावून बसवला की चपटा भाग झाकला जातो आणि फिल्टर कायमचा रुततो. जुन्या लेन्सवर ‘भेट’ म्हणून फिल्टर दिसला की पहिलं काम तो उतरवणं. हाताने सुटत नसेल तर चहाचे पैसे देऊन घरी या.

मग मी लेन्स माझ्या निकॉन डी७५० कॅमेऱ्यावर चढवली आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. एफ/२, फोकस मध्यावर. स्क्रीनवर मोठा करून पाहिला. मध्य उत्तम. डावीकडची अक्षरं चांगली. उजवीकडची अक्षरं फुटलेली, तुपात बोट फिरवल्यासारखी.

हा तो क्षण. मी पाहिलं. दोन्ही बाजू पाहिल्या. आणि त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “हां, हिचं फील्ड कर्व्हेचर आहेच ना.” तो शांतपणे म्हणाला, “तुम्हाला माहितीये म्हणजे प्रश्नच नाही सर.”

अहो, वाटी दोन्ही बाजूंना सारखीच वाकते! फील्ड कर्व्हेचर असेल तर डावा आणि उजवा कोपरा एकाच मापाने मऊ होणार. डावीकडे अक्षर वाचता येतंय आणि उजवीकडे येत नाही, याचा अर्थ आतलं एखादं भिंग किंवा भिंगांचा गट तिरका बसलाय किंवा मध्यापासून सरकलाय. शाळेतल्या पोराने सांगावं असं हे. वीस लोकांना मी स्वतः समजावलं असेल. पण पाटी तिरकी असेल, मी थोडा वाकडा उभा असेन, उजेड कमी आहे, अशी कारणं मी त्याच्या वतीने मनातल्या मनात तयार करत होतो. वस्तू घ्यायची ठरली की माणूस स्वतःचाच वकील होतो, दुसरं काय.

खरी तपासणी दहा मिनिटांची आहे. ती तिथेच, दिवसाउजेडी करा. कॅमेरा तिकाटण्यावर, लेन्स पूर्ण उघडी, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) जास्तीत जास्त मोठा. लांबची एकच बारीक वस्तू निवडा, मनोऱ्याचं टोक किंवा पाण्याच्या टाकीवरचा कठडा. ती आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक वेळी फोकस नव्याने लावा. फक्त कर्व्हेचर असेल तर चारही कोपरे आपापल्या फोकसला सारखेच सुधारतात आणि चारही वेळा रिंग साधारण तेवढीच हलवावी लागते. भिंग तिरकं असेल तर एका बाजूला रिंग इकडे आणि दुसऱ्या बाजूला तिकडे न्यावी लागते. एखादा कोपरा काहीही केलं तरी सुधारत नसेल तर तिथेच थांबा. भिंतीवर तपासत असाल तर एक फोटो कॅमेरा उलटा धरून काढा. खराब भाग कॅमेऱ्याच्या त्याच बाजूला राहिला तर दोष लेन्सचा. भिंतीच्या त्याच भागावर राहिला तर तुम्ही वाकडे उभे होतात.

व्ह्यूफाइंडरमधून बघून समाधान मानू नका. आजच्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन साधारण एफ/२.८ च्या आसपासची फोकसची खोली दाखवतो. एफ/२ चा दोष तिथे दिसतच नाही.

इन्फिनिटीचं तेच. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले चार नमुना फोटो काय सुंदर होते! दरी, ढग, बुरुज. चारही एफ/८ चे, म्हणजे छिद्र बारीक करून काढलेले. गणित करा. २८ मिमीला एफ/८ वर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस लावला की क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं ते) सव्वातीन मीटरच्या आसपास येतं. फोकस आठ मीटरला अडकलेला असला तरी क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ दिसणार. तीच लेन्स एफ/२ ला घ्या. हायपरफोकल तेरा मीटर होतं, आणि आठ मीटरला अडकलेला फोकस जेमतेम एकवीस मीटरपर्यंत पुरतो. पुढचा डोंगर म्हणजे लापशी. तारे? ताऱ्यांचे बत्तासे होतात. म्हणून विकणाऱ्याकडून पूर्ण उघड्या अपर्चरची मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली न दाबलेली फाइल, मागा. व्हॉट्सॲपचा फोटो पुरावा म्हणून शून्य. दाबला जाताना त्यातली शटर-अपर्चरची नोंदही उडते.

बुरशी मात्र मी तपासली होती, हे आवर्जून सांगतो. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरला, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे कुठे नाहीत. आनंद झाला. आता कळतं की धागे नव्हते कारण लेन्स उघडून पुसली होती. उघडल्याची खूण भिंगावर शोधू नका, माउंटच्या स्क्रूंवर शोधा. कारखान्यातल्या स्क्रूच्या खाचा कोऱ्या असतात. माझ्या लेन्सच्या दोन स्क्रूंच्या कडांचा रंग उडून आतला पांढरा धातू चमकत होता. नखाएवढी चमक, ४६,५०० रुपयांची.

पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने रुतलेला फिल्टर करवतीने कापून काढला. खाली आटे तीन मिलिमीटर लांबीत चपटे. मग मागून उघडलं. त्याचं निदान असं, की लेन्स पडली होती, नंतर कुणीतरी खोलली, आणि परत बसवताना पातळ पितळी चकत्यांत एखादी जास्तीची पडली. त्या चकत्यांवर लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर ठरतं, म्हणून इन्फिनिटी गेली. पुढचा गट तिरका आहे तो वेगळाच. या लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी काही भिंगं एकमेकांच्या तुलनेतही सरकतात, त्यामुळे अंदाजाने ठोकून ती सरळ होत नाही. खर्च ९,५०० आणि हमी काहीच नाही. तो माणूस प्रामाणिक, म्हणाला, “पैसे घालवू नका, शोभेला ठेवा.”

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्या दिवशी “बघतो सर”. दुसऱ्या दिवशी त्याने एक व्हॉइस रेकॉर्डिंग पाठवलं. अमृततुल्यवरचं. कपबशांचा आवाज आणि त्यात माझा आवाज: “हां, हिचं फील्ड कर्व्हेचर आहेच ना.” खाली मेसेज: ‘तुम्ही तपासून घेतली आहे.’ मग ब्लॉक. म्हणजे गडी रेकॉर्डिंग लावूनच बसला होता. तुम्हीही लावा. आणि बोलताना विकणाऱ्याला बोलू द्या. “कधी उघडली आहे का, पडली आहे का, एफ/२ ला चारही कोपरे सारखे आहेत का,” हे तीन प्रश्न मेसेजवर लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय टोकनचा रुपयाही सोडू नका.

आता आपल्या रक्षणकर्त्यांकडे वळू. घराजवळच्या चौकीत गेलो. “काय घेतलंत? भिंग? चष्म्याचं?” कॅमेऱ्याचं. “सेहेचाळीस हजारांचं?” मग तिथल्या दोघांत माझ्या अकलेवर छोटी चर्चा झाली. शेवटी निकाल: वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण. मी म्हणालो, दोष लपवून विकलं. ते म्हणाले, तुम्ही बघून घेतलंत. मी फिल्टरचा कापलेला तुकडा दाखवला. तो त्यांनी पेपरवेटशेजारी ठेवला आणि विचारलं, भेट कुठे झाली? मग ती आमची हद्द नाही. दुसऱ्या चौकीत गेलो. तिथे साहेब बंदोबस्तावर. तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला सांगितलं, पैसे ऑनलाइन गेलेत तर सायबरकडे जा. तिथे म्हणाले, तुम्ही समोरासमोर भेटलात, हे सायबर नव्हे. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलात. जाहिरातीच्या ॲपने तीन ओळींचं तयार उत्तर पाठवलं, आम्ही फक्त मध्यस्थ. रोख २१,५०० चा तर कुणी हिशेबच धरेना. पावती आहे का? चहाच्या टपरीवर पावती! समोरासमोर भेटलो म्हणून सायबर नाही, ऑनलाइन दिले म्हणून चौकी नाही, बघून घेतली म्हणून फसवणूक नाही. अर्धा दिवस रजा टाकून जायचं, लाकडी बाकावर बसायचं, आणि प्रत्येक नव्या माणसाला लेन्स म्हणजे काय इथून सुरुवात करायची.

धडपडीतून कळलेलं सांगतो. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. ‘चारशेवीस’ म्हणत बसू नका, अर्जात नवं कलम लिहा. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते. तोंडी बोलू नका, दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. मी पहिल्या दोन फेऱ्या तोंडी घालवल्या, त्यामुळे कागदावर मी तिथे गेलोच नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण समोरचा व्यापारी असावा लागतो. घरातली जुनी वस्तू विकणारा खासगी माणूस तिथे सापडत नाही. म्हणून पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील, पण बिल देणाऱ्या दुकानातूनच जुनी लेन्स घ्या. रोख तर नकोच.

माझा माणूस खासगी नव्हताच, हे आता दिसतंय. कालच त्याच ॲपवर नवी जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण फोटोंखाली तोच काळा ग्रॅनाइटचा ओटा आणि कोपऱ्यात तोच उडालेला टवका. या वेळी निकॉर २४ मिमी एफ/२ एआय-एस, ३२,००० रुपये. पाच फोटो, पाचही फोटोंत लेन्सवर ५२ मिमीचा यूव्ही फिल्टर चढवलेला. खाली लिहिलंय, फिल्टर मोफत.